पत्र्यावरचा जुना टेपचा गोंद आणि डब्ल्यूडी-४० : एक परीक्षण

घरात डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा असला की गंजलेला स्क्रू, कुरकुरणारी बिजागरी आणि टेपचा वाळलेला गोंद या तिन्हींवर तोच फवारायचा, अशी रीत आता अनेक घरांत पडली आहे. पहिल्या दोन कामांबद्दल फारसा वाद नाही. हे परीक्षण तिसऱ्या कामापुरते आहे. कपाटाच्या पत्र्यावर, खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमवर आणि स्वयंपाकघरातल्या स्टीलवर वर्षानुवर्षे वाळून बसलेला गोंद या फवाऱ्याने खरेच निघतो का, आणि निघत असेल तर रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या टर्पेंटाइनपेक्षा तो चांगला निघतो का, एवढेच मला पाहायचे होते. निकाल आधीच सांगून टाकते. कपाटावरच्या जुन्या, पिवळट, रबरी गोंदावर हा फवारा चांगला चालतो. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीवरच्या संरक्षक पट्टीच्या गोंदापुढे तो अर्ध्यावर थांबतो. आणि केवळ याच कामासाठी नवा डबा विकत आणावा, इतका तो टर्पेंटाइनच्या पुढे नाही.

हा गोंद धातूवर उरतो तो बहुधा आपल्या 'नंतर काढू' या वृत्तीमुळे. घर बदलताना सामान हलवणारी माणसे कपाटाची दारे वाटेत उघडू नयेत म्हणून त्याला ब्राउन टेपचे वेढे घालतात, आणि नव्या घरी पोहोचल्यावर ते वेढे सोडवण्याऐवजी दाराच्या फटीवर तेवढे ब्लेडने कापले जातात. उरलेल्या पट्ट्या तशाच राहतात. गणपतीच्या आराशीसाठी सेफ्टी डोअरला लावलेली दुहेरी टेप, रंगाऱ्यांनी खिडकीच्या चौकटीवर चिकटवलेली आणि काम संपल्यावर विसरलेली मास्किंग टेप, कपाटाच्या आतल्या बाजूस चिकटवलेले शाळेचे वेळापत्रक, या सगळ्यांचा शेवट एकच असतो. वरची पट्टी किंवा कागद कधी तरी निघतो, फाटतो, उन्हाने झडून जातो. गोंद मात्र धातूवर राहतो.

तो ओढून निघत नाही, पाण्याने निघत नाही आणि साबणाने तर अजिबात निघत नाही, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. मास्किंग टेप १९२५ मध्ये अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीत रिचर्ड ड्रू यांनी तयार केली, ती मोटारींना दोन रंग देताना मधली सीमा सरळ राखता यावी म्हणून. या जातीच्या टेपांचा पारंपरिक गोंद म्हणजे रबर आणि त्याला चिकटपणा आणणारी राळ यांचे मिश्रण. हवेतला प्राणवायू, ऊन आणि उष्णता यांच्या माऱ्याने या रबराचे लांब रेणू आधी तुटतात. त्या अवस्थेत गोंद तेलकट आणि अधिकच लिबलिबीत होतो, बोटाला तारा सुटतात. पुढे तेच तुकडे एकमेकांना जागोजागी जोडले जाऊन त्यांचे जाळे तयार होते, आणि गोंद पिवळा, मग तपकिरी, मग कडक आणि ठिसूळ होतो.

हे एकदा लक्षात आले की निम्म्या अपेक्षा आपोआप जागेवर येतात. जाळे झालेले रबर कोणत्याही घरगुती द्रावात साखर पाण्यात विरघळावी तसे विरघळत नाही. ते द्राव शोषून फुगते, फुगल्यावर त्याची धातूवरची पकड सुटते आणि मग ते खरवडता येते. म्हणून फवारा मारून लगेच फडक्याने घासू लागणाऱ्याला 'हे काही चालत नाही' असेच वाटणार. द्राव गोंदात मुरायला वेळ हवा, आणि तेवढा वेळ तो गोंदावर ओला राहायला हवा. डब्ल्यूडी-४० चे या कामातले गुण आणि दोष दोन्ही या एका अटीभोवती फिरतात.

आता या उत्पादनाविषयी. हे द्रावण १९५३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो येथील रॉकेट केमिकल कंपनीने बनवले. पाणी हटवून धातूला गंजापासून राखणे हा त्याचा उद्देश होता, चाळिसाव्या प्रयत्नात ते जमले असे कंपनी सांगते आणि नावातला आकडा तिथूनच आला आहे. अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या बाह्य आवरणावर गंज चढू नये म्हणून ते प्रथम वापरले गेले. गोंद काढणे हा त्याचा मूळ धंदा नव्हे. पण त्यातला मोठा भाग पेट्रोलियमपासून काढलेल्या हलक्या हायड्रोकार्बनचा आणि दुसरा भाग खनिज तेलाचा असल्यामुळे रबरी गोंद फुगवण्याची ताकद त्यात आयतीच आली. टर्पेंटाइन म्हणून आपल्याकडे रंगाच्या दुकानांत जे विकले जाते, तेही झाडाच्या डिंकाचे नसून खनिज टर्पेंटाइन असते. म्हणजे ही दोन्ही एकाच घराण्यातली मंडळी आहेत, आणि हेच या परीक्षणातले कळीचे वाक्य समजावे.

मुख्य चाचणी पत्र्याच्या कपाटावर घेतली. दाराच्या एका कडेला ब्राउन टेपची पट्टी बरीच वर्षे होती. तिचे प्लास्टिक सोलून निघाले होते आणि खाली गोंदाचा तपकिरी पट्टा उरला होता, मधोमध कडक आणि कडांना अजून चिकट. कपाटाचा रंग भट्टीत भाजलेला, शाबूत होता. कोणताही द्राव आधी दाराच्या आतल्या बाजूस, खालच्या कोपऱ्यात लावून पाहावा आणि पांढऱ्या फडक्यावर रंग उतरतो का ते बघावे. इथे उतरला नाही.

उभ्या पत्र्यावर डब्ल्यूडी-४० थेट फवारणे हा त्याचा सर्वांत वाईट उपयोग आहे. पातळ असल्यामुळे ते गोंदावर थांबत नाही. ओघळून दाराच्या खालच्या फटीत, तिथून कपाटाच्या पायाशी आणि फरशीवर जाते, आणि गोंदावर राहतो तो नावापुरता ओलावा. फवाऱ्याचे बारीक तुषार हवेत पसरून नाकात जातात ते वेगळेच. तोच फवारा जाड टिश्यू कागदाच्या घडीवर मारून, घडी चिंब करून, ती गोंदाच्या पट्ट्यावर दाबून बसवली आणि वरून पोळ्या गुंडाळतो तसल्या पातळ प्लास्टिकचा तुकडा चिकटवला, तर चित्र पालटते. ओला कागद पत्र्याला आपसूक धरून राहतो, प्लास्टिकमुळे द्राव उडून जात नाही, आणि सगळा डोस गोंदाच्या वाट्याला येतो. जेवणे उरकून, ओटा आवरून परत येईपर्यंत त्याला हात लावू नये. कागदाच्या जागी सुती चिंधी चालते. वर्तमानपत्र मात्र वापरू नये, कारण असल्या द्रावाने त्याची शाई सुटते आणि फिक्या रंगाच्या कपाटावर नवाच डाग बसतो.

कागद काढल्यावर जे दिसते ते या कामातले सर्वांत समाधानाचे दृश्य आहे. तपकिरी पट्टा फिकट, धुरकट झालेला असतो, त्याच्या कडा पत्र्यापासून किंचित उचललेल्या असतात, आणि जुन्या एटीएम कार्डाची कड आडवी, जवळजवळ पत्र्याला टेकवून सरकवली की गोंद दुधावरच्या सायीसारखा गुंडाळत पुढे येतो. जिथे थर जाड होता तिथे वरचा भाग निघतो आणि खालचा कोरडाच राहतो. तिथे जोर लावू नये, पुन्हा घडी ठेवावी. लांबी भरायची पत्र्याची पट्टी किंवा ब्लेड घेण्याचा मोह होतो, पण गोंद पुरेसा फुगला असेल तर त्याची गरज पडत नाही आणि फुगला नसेल तर ब्लेड गोंदाबरोबर रंगही नेते. कार्डाची कड मऊ पडली की कात्रीने कापून नवी करता येते, हा त्याचा आणखी एक फायदा.

कपाटावरच्या गोंदाचे काम अशा रीतीने पूर्ण झाले. जागा मात्र पट्टीच्या आकारात थोडी गडद दिसत राहिली. याचा दोष फवाऱ्याला देऊ नये. टेपखालच्या रंगाला ऊन लागलेले नसते, आजूबाजूचा रंग मात्र फिकटलेला असतो. शिवाय गोंदातले तेलकट घटक रंगात थोडे उतरलेले असतात. गाडीच्या पॉलिशने तो फरक कमी होतो, पूर्ण जात नाही.

त्याच दारावर, त्याच पट्ट्याच्या दुसऱ्या भागावर, टर्पेंटाइनची घडी ठेवून पाहिली. फरक सांगायचाच तर टर्पेंटाइनने गोंद किंचित लवकर फुगला असे मला वाटले, आणि मागे तेल उरले नाही. डब्ल्यूडी-४० अधिक सावकाश उडते, त्यामुळे प्लास्टिकचे आच्छादन नीट बसले नाही तरी ते कामावर टिकून राहते; टर्पेंटाइनची घडी उघडी राहिली तर कोरडी पडते. वास दोघांनाही आहे, टर्पेंटाइनचा अधिक उग्र. पैशांचा विचार केला तर तुलनाच होत नाही. एका मोठ्या डब्याच्या पैशांत टर्पेंटाइन कितीतरी अधिक मिळते, आणि या कामात द्राव भरपूर लागतो. जुन्या पिढीचे उत्तर रॉकेल हे होते आणि तेही याच घराण्यातले. ते अधिक तेलकट आणि अधिक वासाचे, पण काम करते. रेशनवरचे रॉकेल आता शहरांत जवळजवळ दिसेनासे झाले असल्यामुळे त्याची शिफारस करण्यात अर्थ उरलेला नाही.

एक सावधगिरी इथे सांगितली पाहिजे. लोखंडी ग्रिल किंवा फाटक यांना आपण ब्रशने जो ऑइल पेंट देतो, त्यात पातळ करण्यासाठी टर्पेंटाइनच घालतात. रंग जुना आणि पूर्ण वाळलेला असेल तर बिघडत नाही. नुकताच दिलेला असेल तर तो मऊ पडून सुरकुततो. दिवाळीआधी रंगवलेल्या ग्रिलवरची मास्किंग टेप दिवाळीतच टर्पेंटाइनने साफ करायला जाऊ नये. डब्ल्यूडी-४० लाही हाच नियम लागू आहे. गाडीच्या टाकीवरचे किंवा दारावरचे जुने स्टिकर मात्र कारखान्यातला रंग नीट असेल तर या फवाऱ्याने बेलाशक काढावेत. तिथे त्याचे तेल उलट उपयोगी पडते.

अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि नव्या सदनिकांत राहणाऱ्या बहुतेकांना हीच अडचण येते. खिडकीच्या चौकटीवर कारखान्यातून येणारी निळसर किंवा दुधी प्लास्टिकची संरक्षक पट्टी काम संपताच काढायची असते. ती राहते. पश्चिमेच्या भिंतीवरच्या खिडकीवर दोन-तीन उन्हाळे गेले की प्लास्टिक ठिसूळ होऊन नखाएवढ्या तुकड्यांत सुटते आणि खाली रंगहीन, पारदर्शक, रबरासारखा ताणला जाणारा गोंद उरतो. तो पिवळा पडलेला नसतो, ही खूण महत्त्वाची आहे, कारण बहुतेक वेळा तो अ‍ॅक्रिलिक जातीचा असतो. अ‍ॅक्रिलिक गोंद ऊन आणि हवेपुढे रबरापेक्षा जास्त टिकतो, आणि पेट्रोलियमच्या हलक्या द्रावांना फारशी दाद देत नाही.

इथे डब्ल्यूडी-४० ने निराशा केली. घडी ठेवल्यानंतर गोंद थोडा मऊ झाला, पण सुटण्याऐवजी ताणला जाऊ लागला. कार्डाने रेटल्यावर तो पुढे सरकत होता आणि मागे पुन्हा पसरत होता. उलट पातळ थर तेलामुळे निसरडा होतो आणि 'निघाला' असा भास होतो. फडक्याने पुसून बोट लावले की चिकटपणा परत हाताला लागतो. त्याच चौकटीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या किंवा रसायनांच्या दुकानात आयपीए नावाने मिळणारा द्राव, वापरल्यावर तो गोंद पांढरट होऊन अंगठ्याखाली वळ्या होत सुटू लागला. अल्कोहोल पटकन उडते, म्हणून एका वेळी वीतभर भागच घ्यावा आणि कापूस सतत ओला ठेवावा. हाताला लावायचे सत्तर टक्क्यांचे सॅनिटायझर याच तत्त्वावर थोडेफार चालते, पण जेलच्या स्वरूपातले असेल तर त्याचाच लगदा साफ करत बसावे लागते.

दुहेरी फोम टेपचा पांढरा किंवा करडा स्पंज हा याहून हट्टी प्रकार. त्याचा स्पंज आधी कापून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी कोणताही द्राव नको, दात साफ करायचा दोरा हवा. दोरा दोन्ही हातांत ताणून करवतीसारखा मागे-पुढे ओढत नेला की आरसा, हुक किंवा नावाची पाटी पत्र्यापासून सुटते आणि मागे उरलेल्या थरावर मग अल्कोहोल किंवा टर्पेंटाइन, गोंदाच्या जातीप्रमाणे, लावता येते. जात ओळखण्याचा ठोकताळा वर आलाच आहे: पिवळा, तपकिरी, ठिसूळ असेल तर रबर, रंगहीन आणि ताणणारा असेल तर अ‍ॅक्रिलिक. ठोकताळाच तो, दोन्ही द्रावांचा एकेक थेंब टाकून पाहणे त्याहून खात्रीचे.

केस वाळवायच्या यंत्राचा सल्ला सगळेच देतात. तो ताज्या गोंदासाठी उत्तम आहे, जाळे होऊन कडक झालेल्या गोंदासाठी बेताचा आहे, आणि अ‍ॅल्युमिनियमवर तर तो जवळजवळ निकामी ठरतो. अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या दहापटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे आपण एका टोकाला दिलेली ऊब संपूर्ण चौकटीत वाटली जाते आणि गोंद गारच राहतो. स्टीलच्या भांड्यावर मात्र उष्णता जागच्या जागी साचते. नव्या पातेल्यावरचे दुकानाचे लेबल काढण्यासाठी पातेले गॅसवर क्षणभर धरून लेबल कोपऱ्यापासून सोलण्याची जी घरगुती रीत आहे, ती म्हणूनच चालते. लेबल एका सपाट्यात गोंदासकट येते, आणि त्यासाठी कोणताही डबा उघडावा लागत नाही.

भांड्यांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगते: अन्न ज्याला लागणार त्या धातूवर डब्ल्यूडी-४०, टर्पेंटाइन किंवा रॉकेल यांतले काहीही आणू नये. तिथे खोबरेल तेल पुरेसे आहे. ते जाडसर असते, उडून जात नाही, रात्रभर लावून ठेवता येते, आणि सकाळी राखेने किंवा भांड्यांच्या साबणाने धुता येते. ताज्या आणि मध्यम जुन्या लेबलांच्या गोंदावर त्याचे काम वाखाणण्यासारखे आहे. कपाटावरच्या तपकिरी पट्ट्यावर मात्र त्याने पृष्ठभाग मऊ करण्यापलीकडे काही केले नाही. तेलात खाण्याचा सोडा कालवून लेप द्यायची कृती सर्वत्र सांगितली जाते. त्यात काम तेल करते आणि सोडा फक्त बारीक वाळूसारखा घासतो. स्टीलवर हरकत नाही, पण चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो टाळावा. आणि धुण्याचा सोडा तर अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपासही नेऊ नये, कारण अल्कली त्या धातूला सरळ खाते आणि तो काळवंडतो.

फ्रिजचे दार, चिमणी आणि सिंक यांच्या स्टेनलेस स्टीलवर डब्ल्यूडी-४० ने रबरी गोंद सहज निघतो. वाईट घडते ते घासण्यात. या पत्र्यावर बारीक समांतर रेघा असतात. फडके आणि कार्ड त्यांच्या दिशेनेच चालवावे, आडवे चालवलेला ओरखडा कायमचा दिसतो. लोखंडी तारेची घासणी तर वापरूच नये. तिचे सूक्ष्म कण स्टीलमध्ये रुतून बसतात आणि काही दिवसांनी तिथे गंजाचे ठिपके उमटतात, मग लोक म्हणतात स्टील हलके होते. फवारा थेट फ्रिजवर मारू नये, फडक्यावर घ्यावा. दाराच्या रबरी गॅसकेटला आणि प्लास्टिकच्या भागांना तो लागू न देणे बरे. पारदर्शक पॉलिकार्बोनेट आणि पॉलिस्टायरिन या प्लास्टिकवर हा फवारा वापरू नये, असे कंपनीच सांगते.

पितळ आणि तांब्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पितळी समईच्या बुडाशी दुकानाचे लेबल असते, त्याच्या गोंदाला तेल किंवा टर्पेंटाइन चालते. चिंच, लिंबू किंवा पितांबरी यांनी तो जात नाही, कारण ही आम्ले आणि पावडरी धातूवर चढलेला काळेपणा काढतात, रबराशी त्यांचे काही देणेघेणे नाही. पितळी नामफलकावर पारदर्शक लाखेचा थर असेल तर मात्र अल्कोहोल त्या थरालाच मऊ करू शकते, तिथे आधी पाठीमागे तपासावे.

आता त्या मागे उरणाऱ्या तेलाविषयी, कारण या कामात डब्ल्यूडी-४० चा खरा तोटा तोच आहे. गोंद निघाल्यावर पत्रा छान चमकतो आणि माणूस खूश होऊन उठतो. ती चमक खनिज तेलाच्या पातळ थराची असते. त्यावर धूळ बसते, पांढऱ्या कपड्याला डाग लागतो, आणि त्या जागी पुन्हा टेप, हुक किंवा रंग लावायचा असेल तर काहीही धरत नाही. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्याने एकदा, स्वच्छ पाण्याने एकदा, आणि पुन्हा काही चिकटवायचे असेल तर शेवटी अल्कोहोलने एकदा पुसणे आवश्यक आहे. मजबूत दुहेरी टेप बनवणारे उत्पादकही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी सम प्रमाणात मिसळून पुसायला सांगतात. हे जादा काम टर्पेंटाइनमध्ये बरेच कमी असते. बिनरंगाच्या लोखंडावर मात्र हेच तेल वरदान ठरते: जुन्या पत्र्याच्या पेटीच्या आतल्या बाजूचा गोंद काढला आणि तेल पुसले नाही, तर पावसाळ्यात तिथे गंज चढायला उशीर लागतो.

थिनर, अ‍ॅसिटोन आणि पेट्रोल यांची नावे कुणी तरी सुचवेलच. थिनर गोंद काढतो आणि बहुतेक वेळा रंगही काढतो. कपाटावर त्याचा एक फटकारा पुरेसा आहे. नेलपॉलिश काढायच्या द्रावातले अ‍ॅसिटोन रंगाला तेवढेच घातक, आणि रबरी गोंदावर त्याची मात्रा फारशी लागू पडत नाही, म्हणजे नुकसान करून काम नाही असा प्रकार. कोऱ्या स्टीलवरच्या अ‍ॅक्रिलिक गोंदाला ते चालते, एवढाच त्याचा उपयोग. पेट्रोल घरात वापरणे हा शुद्ध वेडेपणा आहे. बाकीचे द्रावही निरुपद्रवी नाहीत. अल्कोहोलची वाफ १२ अंश सेल्सिअसच्या आसपासच पेट घेण्याइतकी तयार होते, म्हणजे आपल्याकडे वर्षभर. रॉकेल आणि टर्पेंटाइन यांना सुमारे ३५ अंश लागतात, आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, देवापुढचा दिवा आणि गॅस बंद असावा, हातात नायट्राइलचे मोजे असावेत, आणि ओल्या चिंध्या केराच्या डब्यात कोंबण्याआधी गच्चीवर किंवा बाल्कनीत वाळवाव्यात.

खास गोंद काढण्यासाठी बनवलेली उत्पादने बाजारात आहेत. संत्र्याच्या सालीतून निघणाऱ्या लिमोनिन या तेलावर आधारलेली सफाईद्रव्ये रबरी गोंदावर डब्ल्यूडी-४० पेक्षा सरस आहेत असे माझे मत झाले आहे. वास सुसह्य, आणि द्राव थोडा जाडसर असल्यामुळे उभ्या पत्र्यावर टिकतो. पण ती बहुतेक ऑनलाइन मागवावी लागतात, महाग पडतात, आणि मागे तीही तेलकट थर ठेवतात. एका कपाटासाठी एवढा खटाटोप कुणी करणार नाही. सुतारकाम, पाट्या किंवा गाड्यांवरच्या स्टिकरांचा व्यवसाय असलेल्याने मात्र जरूर करावा.

डब्ल्यूडी-४० ला या एका कामासाठी मी पाचांपैकी तीन गुण देईन. रबरी गोंदावर चार, अ‍ॅक्रिलिकवर दोन, आणि नंतरच्या पुसापुशीमुळे हिशेब तिनावर येतो. घरात डबा असेल तर बेलाशक वापरावा, थेट न फवारता कागदाच्या घडीवर. घरात नसेल आणि कपाट साफ करायचे असेल, तर रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइनची लहान बाटली आणावी. खिडक्या करायच्या असतील तर आयपीएची आणावी. आणि सदनिकेचा ताबा नुकताच मिळाला असेल, तर चौकटीवरची ती निळी पट्टी याच आठवड्यात सोलून काढावी, तेव्हा ती नुसत्या नखाने निघते.